सुभेदारांचा वजीर

वडूजच्या ज्ञानू सुभेदारांना बुद्धिबळ शिकवलं ते फौजेनं. बर्फात चौकीवर अडकलेला माणूस दुसरं करणार काय! निवृत्त होऊन गावी आले आणि आमच्या क्लबात रोज संध्याकाळी पट मांडून बसू लागले. वय एकसष्ट. नावापुढं रेटिंग लागावं एवढा एकच हट्ट, आणि ते तीनदा थोडक्यात हुकलेलं.

गेल्या महिन्यात सांगलीच्या स्पर्धेत शेवटची फेरी बरोबरीत सुटली असती तरी ते पदरात पडणार होतं. समोर तिथलेच एक वकील, सुमंत. डाव अगदी समसमान चालला होता. सुमंतांनी खेळी केली, घड्याळ दाबायला हात लांबवला आणि त्यांच्याच बाहीनं सुभेदारांचा वजीर खाली पडला. माझ्या डोळ्यांदेखत. तो घरंगळत गेला आणि सुभेदारांचा पाय त्याला लागला. त्यांनी वजीर उचलला, कपाळाला लावला आणि होता त्याच घरात ठेवला. आपल्याकडं वहीला पाय लागला, तागडीला लागला, तरी माणूस हेच करतो की!

"हात लावलात. आता वजीरच चालवा," सुमंत म्हणाले.

हात लावलेली सोंगटी चालवायची, हा नियम खराच. पण मुळात ती पाडली कोणी? वजीर जागचा हलला की राजा उघडा पडणार, हे त्या गृहस्थाला पक्कं ठाऊक होतं.

पंच आले. "मुद्दाम हात लावला का?"

"व्हय. पाय लागला हुता न्हवं."

"म्हणजे मुद्दामच. चालवा वजीर."

मला राहवेना. "आवं साहेब, ह्यांच्या बाहीनं पडलाय त्यो! म्या बघितलंय." तर प्रेक्षकांनी गप्प राहायचं असतं, असं पंचांनी मलाच सुनावलं. सुमंत छताकडं बघत बसले. लाज कशी वाटत नाही माणसाला? चोर सोडून संन्याशाला फाशी!

सुभेदारांनी वजीर चालवला. चार खेळ्यांत मात झाली. वर उठून त्यांनी सुमंतांशी हातही मिळवला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

परतताना एसटीत मी म्हणालो, "पुढच्या येळेला पाय लागला तर लागू द्या. नमस्काराच्या भानगडीत पडू नगा."

सबंध दिवसात सुभेदार पहिल्यांदा चिडले.

"मग त्या पटावर बसू कुठल्या तोंडानं रं?"