‘डी’ दिला की ओळ छापून यायची

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. गंडेदोरे, अंगारे यांतलं काही माझ्या घरात सापडणार नाही. तरी हे लिहितोय... कारण माझा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर आहे.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी कामथडीचा, सुदाम आंबवड्याचा. दोघंही पुण्यात एकाच कार्यालयात, रोज भोरच्या एसटीनं जाऊन-येऊन. तिथं संगणक आला. पडदा नव्हता – टाईपरायटरसारख्या यंत्रावर हुकूम टाईप करायचा, उत्तर कागदावर छापून यायचं. मजकूर दुरुस्त करायचे हुकूम एकेका अक्षराचे. ओळीचा आकडा आणि ‘पी’ दिला की ती ओळ छापून दिसे, ‘डी’ दिला की पुसली जाई. वर ‘डब्ल्यू’ दिला की झालं ते कायम. परत आणायची सोय नाही.

संगणकामुळे दोघांतला एकच नोकरीत राहणार होता. तरी शिकलो एकत्र. सुदामनं पुठ्ठ्यावर कळा आखल्या होत्या. मी एसटीत चढलो की पुठ्ठा मांडीवर यायचा.

“धा ते बारा वळी उडव.”

मी ‘डी’कडे बोट नेलं की हातावर चापट. “आदी पी! बघितल्याबिगर पुसतो व्हय? तण म्हणून भात उपटशील, लेका!”

कंडक्टर म्हणायचा, “पुठ्ठ्याची पेटी लई जोरात वाजती... सूर कुठं हाय पर?”

एका दुपारी सुदाम जेवायला गेला होता. त्याची फाईल उघडी होती. त्यातली एक चूक दुरुस्त करून शहाणपणा दाखवावा म्हणून मी बसलो. ‘पी’ न देताच ‘डी’ दिला, आकडे चुकले, आणि घाईत ‘डब्ल्यू’ही दिला. त्याचं महिन्याचं काम गेलं. मी छापलेला कागद फाडून खिशात घातला. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, “सुदाम बसला होता.” साहेबांनी त्याचं आडनाव फक्त उच्चारलं, ‘या लोकांचं असंच’ अशी मान हलवली. पुरावा मागितला नाही. संध्याकाळी त्याला काढलं.

पुढच्या सोमवारी मी ‘डी’ दिला. ओळ पुसली नाही – छापून आली. पुन्हा दिला, पुन्हा छापली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याच यंत्रावर तोच हुकूम दिला, ओळ गेली. साहेब माझ्या बोटांवर नजर ठेवून मागे उभे राहिले... तरी तेच. इंजिनिअरनं यंत्र खोललं, दोष सापडला नाही. बोट घसरलं असेल म्हणणाऱ्यांनो, कागदावर ‘डी’च उमटलाय आणि खाली अख्खी ओळ! कागद माझ्याकडे आहे.

तो घेऊन मी आंबवड्याला गेलो. सुदाम बांधावर गवत कापत होता. सगळं कबूल केलं. त्यानं कागद नीट वाचला.

“मशिन शिकलं की रं. तूच न्हाई शिकलास.” मग विळा खाली ठेवला. “सायबाला सांगशील?”

“सांगतो.”

“कदी?”

“सोमवारी.”

नाही सांगितलं. मला दुसऱ्या विभागात टाकलं, तिथूनच मी निवृत्त झालो. सुदाम मागच्या वर्षी वारला. ‘संगणकाचं काम बुडवून आलेला’ ही ओळख त्याला शेवटपर्यंत चिकटली.

यंत्र माझ्याच हाताखाली का अडलं, हे मला आजही माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच – ती फाईल सुदामनं पुसली नाही. मी पुसली, न बघता. बाकीच्या गोष्टीसाठी मला खुळा म्हणायचं तर खुशाल म्हणा. सुदामला मात्र यापुढे कुणी काही बोलायचं नाही.