वेल्ह्याच्या जीपमधला समुद्र

वर्ष सरत आलं की आम्हा तीन मैत्रिणींचा एक रिवाज आहे. वर्षभरात काय आवडलं ते एकमेकींना कळवायचं. एखादं पुस्तक, एखादी मालिका, कानाला लावून ऐकायचं काही, शिवाय रोजच्या वापरातली अशी एखादी वस्तू, जिच्यावाचून आता अडतं. एक नागपूरला, एक ठाण्याला, मी भोरला. भेट होते ती कुणाच्या तरी लग्नात, तीही घाईघाईची, म्हणून हा रिवाज आम्ही मोडत नाही. माझी खोड अशी की मी नुसतं कळवत नाही, गळी उतरवते. मी सांगितलेलं जिनं वाचलं नाही तिच्याशी मी चार दिवस फुगून असते, हे दोघींनाही सवयीचं झालंय.

यंदाचं माझं पुस्तक शेवाळावरचं. पुण्यात रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांत मिळालं. शेवाळाला मुळं नसतात, उन्हाळ्यात वाळून त्याचा भुसा होतो आणि पाणी लागलं की बघता बघता ते पुन्हा हिरवं होतं, हे वाचलं आणि मी परसातल्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिले. पावसाळा संपला की अम्मी ती भिंत खराट्यानं घासते. यंदा मी घासू दिली नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि अब्बांना म्हणाली की हिला कचेरीत काम कमी दिसतंय. मालिका म्हणाल तर एका इमारतीतल्या बायका पाण्याच्या टाकीवरून भांडतात ती. हसून हसून पोट दुखलं. आणि वस्तू म्हणजे स्टीलची बाटली, सकाळी भरलेल्या चहानं दुपारीही जीभ पोळते. इतक्या साध्या गोष्टीवर मी अजून खूश आहे.

हे सगळं दोन ओळींत कळवून झालं. अडलं ते ऐकायच्या गोष्टीपाशी. तिचं नुसतं नाव कळवून भागेना, म्हणून हे लिहायला बसले.

मी वेल्ह्याला तहसील कचेरीत कामाला आहे. भोरहून एसटीनं चेलाडी फाट्यावर उतरायचं आणि तिथून वेल्ह्याची जीप धरायची. जीप ठरलेली, माणसं ठरलेली, बसायच्या जागाही ठरलेल्या. मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. त्याला गाण्यांचा भारी शौक, आणि गाणं मोठ्यानं लावलं नाही तर ते वाया जातं अशी त्याची समजूत. मार्गासनी येईपर्यंत माझं डोकं उठलेलं असायचं. पावसाळ्यातल्या एका सकाळी मी भडकले, त्याच्या टेपची वायर उपसली आणि माझ्या मोबाईलला लावली. आज माझं ऐकायचं, म्हणाले. तो बिचारा गाडी हाकत राहिला. माझ्या तोंडाला लागायचं नाही हे जीपमध्ये सर्वांना माहीत होतं.

मोबाईलमध्ये होतं ते समुद्रावरचं. दोन तरुण आवाज, एक मुलगा आणि एक मुलगी, मराठीत सांगत होते. कितीतरी वर्षांपूर्वी एका मालवाहू जहाजाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि ते वाहत गेलं, त्याची खरीखुरी हकिगत, भागाभागांत. सुरुवातीला नुसता पाण्याचा आवाज होता. किनाऱ्यावर लाटा फुटतात तसला नव्हे. काठच नसलेल्या पाण्याचा, खालून सावकाश वर येणारा आणि परत खाली जाणारा. मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल की बंद करा. कुणी ओरडलं नाही. मागे कुणाच्या तरी पिशवीतली कोंबडी तेवढी बोलत होती.

मग ते रोजचंच झालं. एक भाग साधारण वेल्ह्यापर्यंत पुरायचा. उरतोय असं दिसलं की ड्रायव्हर गाडी हळू घ्यायचा. विंझरला उतरणारे एक आजोबा एकदा उतरलेच नाहीत. भाग संपेपर्यंत बसले आणि मग छत्री काखेत मारून तेवढं अंतर मागे चालत गेले. पाण्याच्या तळाशी उजेड पोचत नाही आणि तिथले मासे आपापला उजेड अंगावर घेऊन फिरतात, हे ऐकलं त्या दिवशी जीप घुम्यासारखी बसून होती. मी स्वतः समुद्र पाहिलाय. शाळेच्या सहलीत गेले होते, पाय भिजवले, भेळ खाल्ली आणि आले. समुद्र म्हणजे काय चीज आहे ते मला तोरण्याच्या पायथ्याशी कळलं, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या माणसांत.

माझ्या बरोबर मागे एक मावशी बसायच्या. कामथडीच्या. वेल्ह्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. त्यांचा एकुलता एक मुलगा अशाच मालवाहू जहाजावर आहे, तिथल्या स्वयंपाकघरात. हात आईचा, असं त्या अभिमानानं सांगायच्या. बंदर आलं की तो फोन करायचा आणि त्या स्पीकर लावूनच बोलायच्या, त्यामुळे जहाजावर आज डाळ लागली की काय झालं हे आम्हा सर्वांना कळायचं. मावशींनी समुद्र कधीच पाहिलेला नाही. पाणी म्हणजे धरणाचं, ज्याला पलीकडचा काठ असतो.

त्या पहिल्या दिवशी वेल्ह्याला उतरल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं की काठ दिसत नाही म्हणजे किती दिवस दिसत नाही. मी सांगितलं की कधी कधी पंधरा पंधरा दिवस. मग त्यांनी तोरण्याकडे बोट केलं.

"आन ह्यो? ह्यो उबा बुडंल का त्यात?"

हा तर बुडेलच, मी म्हणाले, त्याच्या डोक्यावर आणखी एक तोरणा उभा केला तर तोही बुडेल, आणि तरी वर पाणी उरेल. मावशी गडाकडे बघत राहिल्या. कचेरीची वेळ होऊन गेली होती, तरी मीही उभी राहिले. रोज बघून बघून दिसेनासा झालेला तो डोंगर मला एकदम तळाशी दिसला, त्याच्या कितीतरी वर निळं पाणी, आणि त्या पाण्यावर कुठेतरी मावशींचा पोरगा कांदा चिरत उभा. मावशींनी हात जोडले. गडाला की पाण्याला ते मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मुलाचा फोन यायचा थांबला. आता लांबचा पल्ला आहे, पोचलो की करतो, असं तो शेवटच्या फोनवर म्हणाला होता. पोचायची वेळ येऊन गेली. त्याला जहाजावर लावून देणाऱ्या मुंबईच्या एजंटानं आधी सांगितलं की जहाज ठीक आहे, नुसतं नेट बंद आहे. मग त्यानं फोन उचलणंच सोडलं. हे मावशींनी मला एका संध्याकाळी वेल्ह्याच्या स्टँडवर जीपची वाट बघताना सांगितलं, भाजी महाग झाली हे सांगावं त्या आवाजात. कुणाला बोलू नका, म्हणाल्या, लोक धीर देत बसतात आणि तो धीर आपल्यालाच वाहावा लागतो. ड्रायव्हरला मात्र माहीत होतं, कारण एजंटाचा नंबर तोच लावून द्यायचा. सकाळी त्या नेहमीसारख्या जीपमध्ये चढायच्या आणि मोबाईल पदराखाली हातात धरून बसायच्या.

आणि इकडे आमच्या हकिगतीत जहाजावरचं पाणी संपत आलं होतं. मला धीर नसतो, मी रविवारी इस्त्री करता करता पुढचे सगळे भाग घरी ऐकून टाकले. माणसांचे दोन गट होतात. काही जण मदत शोधायला जहाजावरची होडी घेऊन निघतात, बाकीचे जहाजावर थांबतात. थांबलेल्यांना पुढे दुसरं जहाज उचलून नेतं. होडी कुणाला सापडत नाही, आजतागायत. ते ऐकताना माझी चांगली ओढणी जळली आणि मला वास आला तोही उशिरानं.

सोमवारी फाट्यावर मी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. पुढे काय होतं ते सांगितलं आणि म्हणाले, आजपासून गाणी. त्यानं मान डोलावली. मोबाईलला चार्जिंग नाही असं मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याची ती गाणी मला बरी वाटली. मार्गासनी गेल्यावर मागून मावशींचं बोट माझ्या खांद्यावर टेकलं.

"बाई, मानसं मदीच पान्यात ठिऊन आपुन गानी ऐकायची व्हय?"

मी मागे वळले. मावशी, पुढचं तुम्ही ऐकू नका, म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझं तोंड काही लपवू शकत नाही, अम्मी म्हणते ते खरं आहे.

"म्हंजी समदी येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मंग तर ऐकायलाच पायजे. जी माघारी आली त्यांचं कोनबी ऐकंल."

गाणं ड्रायव्हरनंच बंद केलं. मी मोबाईल लावला, चार्जिंग भरपूर होतं आणि ते सगळ्यांना दिसलं.

पुढचे सगळे भाग आम्ही ऐकले. मावशी पुढे वाकून, माझ्या सीटच्या पाठीवर हात ठेवून ऐकायच्या. होडी जहाजापासून सुटते, तिच्यावरचा कंदील बराच वेळ दिसत राहतो आणि मग कधी दिसेनासा झाला ते जहाजावरच्या कुणालाच सांगता येत नाही. शेवटच्या भागात वाचलेल्यांपैकी एक म्हातारा बोलतो. आपण वाचलो याचा आनंद त्याला अजून पुरता करता आलेला नाही असं तो म्हणतो. तो बोलायचा थांबला तेव्हा जीप वेल्ह्यात येऊन उभी होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कुणी उतरेना. मावशींनी एवढंच विचारलं की होडीत खायला काय होतं. बिस्किटांचे डबे होते, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला आणि वसतिगृहाकडे चालू लागल्या. तिथे सगळ्या पोरींचा स्वयंपाक व्हायचा होता.

मी पुष्कळ वाचते, पुष्कळ ऐकते, आणि त्याची मला जरा घमेंडही आहे. पण असं ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. स्वतःचं पोर पाण्यावर कुठे आहे ठाऊक नाही आणि या बाईनं परक्यांच्या पोरांना शेवटपर्यंत सोबत केली. पुढच्या सीटवर मला त्यांचा हात पाठीशी जाणवायचा आणि आपण फार लहान आहोत असं वाटायचं. वाईट नाही वाटायचं. डोंगराखाली उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटायचं.

त्यानंतर रोज संध्याकाळी परतताना जीप खाली उतरू लागली, रेंज आली, की आम्ही सगळे गप्प व्हायचो. कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या, पण जीपला कळायचं ते कळलेलं होतं. दिवाळी आली आणि गेली. मावशींनी करंज्या आणल्या, सगळ्यांना दिल्या, स्वतः खाल्ली नाही.

फोन आला तो आंबवण्याच्या पुढे. नंबर अनोळखी, लांबलचक. ड्रायव्हरनं न सांगता गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मावशींनी दोन्ही हातांनी मोबाईल धरला आणि नेहमीसारखा स्पीकर लावला. "आये" एवढंच आलं आणि आवाज तुटला. मग परत आला. जहाजावरचं नेट बिघडलं होतं, बंदरात जागा नव्हती म्हणून बाहेरच नांगर टाकून पडून होते, आज पाय जमिनीला लागले, तब्येत बरी आहे. तो भराभर बोलत होता. मी उघड उघड रडत होते. ड्रायव्हर बाहेर ओढ्याकडे बघत होता. मागच्या बाकावर कुणीतरी अल्लाचं नाव घेतलं, कुणी पांडुरंगाचं.

मावशींचे डोळे मिटलेले होते. आता त्या रडतील, नाहीतर त्याला फाडून खातील, असं मला वाटलं. त्यांनी नीट श्वास घेतला. बरा आहेस ना, परत एकदा विचारलं. मग म्हणाल्या,

"आता ध्यान दिऊन ऐक. तिकडं पान्यात एक व्हडी गेल्याली हाय. मानसं हायती तीत. कुनालाच गावली न्हाई अजून."

कुणाची, त्यानं विचारलं.

"आपलीच समज. जाता येता बगत जा."

ती गोष्ट किती जुनी आहे हे मावशींना माहीत होतं. पहिल्याच भागात सांगितलं होतं आणि त्यांच्या ध्यानातून काही सुटत नाही. जीपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. फोनमधून थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"बगतो, आये," तो म्हणाला. "डेकवर पहाऱ्याला असत्यात, त्यांनाबी सांगून ठिवतो."