साखरेची झडती

गुलाबवालीला साखरेची किळस यायची, आणि नेमकी हीच गोष्ट खरी मानायला कुणी तयार नव्हतं. केकवर साखरेचे गुलाब वळून पोट भरणारी बाई साखरेला नाक मुरडते म्हणजे नाटक करते, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

बेकरीच्या मागच्या खोलीत तिचं काम चालायचं. टेबलावर, फळीवर, दिव्याच्या शेडवर, तिच्या भुवयांवर पिठीसाखरेचा थर. जमीन इतकी चिकट, की पाऊल उचलताना चप्पल खालीच राहायची. साखरेचा गोळा हातावर मऊ करायचा, पाकळी चिमटायची, बोट पिठीसाखरेत बुडवायचं आणि पुढची पाकळी घ्यायची, की दिवस संपला. समारंभांत पाहुणे तिचे गुलाब दाताखाली फोडायला जायचे आणि फुटत नाहीत म्हणून कागदी रुमालात थुंकायचे. हे तिनं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून तिला आपल्या गुलाबांचं फारसं कौतुक उरलं नाही.

त्यात दिवस राहिले. आता व्हॅनिलाचा वास नाकात शिरला, की पोटातलं घशाशी यायचं. घाम सुटलेला लोण्याचा ढीग, अंड्यांचा फेस, कालच्या क्रीमवर बसलेल्या माश्या, आणि वरचा थर खरवडून तेच क्रीम आज खपवायला सांगणारे मालक. या सगळ्यातलं बोटभरही ती जिभेला लावत नव्हती. अशा बाईला सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की तुम्हाला शुगर निघाली आहे.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलंही. गरोदरपणातला मधुमेह म्हणजे गोड खाल्ल्याची शिक्षा नव्हे, या दिवसांत शरीराचं गणितच बदलतं, आणि बाळंतपणानंतर तो बहुतेकींचा जातो. थोडं थोडं आणि वेळेवर खायचं, उपाशी राहायचं नाही, जेवणानंतर चालायचं, साबणानं हात धुऊन बोटाला टोचायचं आणि यंत्रावर शुगर बघायची. एवढं सांभाळलं तर कदाचित औषधही लागणार नाही. पण लोकांना समजून घ्यायचं असतं कुठे? शेजारणीनं निदान ऐकलं आणि तोंड वाकडं करून म्हटलं, की केक चाटून चाटून दुसरं काय होणार. नवरा स्वभावानं गरीब. बायकोची बाजू तो घ्यायचा, पण आई दुसऱ्या खोलीत गेल्यावर.

आणि आई म्हणजे काय चीज होती! सासूबाईंनी उभी हयात एका कारखान्याच्या फाटकावर बायकांची झडती घेण्यात घालवली होती. काम सुटलं की रांग लागायची आणि सासूबाई डबे उघडायच्या, खिसे चाचपायच्या, अंबाड्यात बोट घालून बघायच्या. निवृत्त झाल्या, पण बोटांचा चाळा गेला नाही. सून कामावरून आली, की तोंडाला क्रीमचा वास येतो का हे बघायला त्या तिच्या नाकाला नाक लागेल इतक्या जवळ यायच्या. त्यांच्या तपकिरीचा भपकारा तिच्या डोक्यात जायचा आणि ती न्हाणीघराकडे पळायची. ती ओकते आहे याचा अर्थ काहीतरी खाल्लंय, असा सासूबाईंचा हिशेब.

गुलाबवालीनं पथ्य मात्र इरेला पेटून धरलं. पांढरा पाव सुटला, गोड चहा सुटला, भात वाटीवर आला. उकडलेल्या अंड्याचा वास सहन होईना, तर नाक दाबून गिळू लागली. दुपारी जेवण झालं की बेकरीमागच्या बोळात फेऱ्या मारायची. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला अंड्यांच्या टरफलांचं पिंप, आणि पिंपावर खरजेनं केस गळलेलं मांजर. पोटातल्या जिवापायी माणूस कुठून कुठून चालतं!

तरी शुगर ऐकेना. म्हणजे घरी सकाळी आणि रात्री ती ठीक यायची, पण दुपारी बेकरीत बघितली, की यंत्रावर भलताच आकडा. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातले आकडे मागे मागे जाऊन पाहिले आणि विचारलं, की कामावर काय खाता? विचारण्यात आरोप नव्हता. पण शेजारच्या खुर्चीत सासूबाई होत्या, आणि त्यांना तेवढं पुरलं.

गुलाबवाली घाबरली आणि कुणाला न सांगता तिनं डबा अर्धा केला. आकडा उतरला नाही. मग तिनं त्यातलंही निम्मं काढलं. आता दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पाकळ्या वाकड्या व्हायच्या. तिला स्वतःच्या अंगाचीच घृणा वाटू लागली. काही न खाताही ज्यात साखर पिकते असलं कसलं हे नासकं शरीर, असं तिला वाटायचं. पुढच्या तपासणीत तिचं वजन घटलेलं निघालं. बाळ हवं तसं भरत नाही, आणि आठवडाभर हेच आकडे राहिले तर इन्सुलिन सुरू करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुईचं तिला काही नव्हतं. बाळ पोटातल्या पोटात वाळतंय आणि ते आपल्यामुळेच, या विचारानं मात्र तिचा जीव थाऱ्यावर राहीना.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई तिच्यामागोमाग बेकरीत आल्या आणि मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यावर ठाण मांडून बसल्या.

"आज मी बघणार आहे, तू काय खातेस ते," त्या म्हणाल्या.

"बघा," ती म्हणाली, आणि गुलाब वळायला लागली.

सासूबाईंनी सकाळभर पापणी हलवली नाही. भट्टीवाला काख खाजवून त्याच हातानं कणीक मळताना त्यांना दिसला. मालक शिळं क्रीम खरवडताना दिसले. सासूबाईंना एरवी पेस्ट्रीची भारी आवड. दुपारपर्यंत त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं. सुनेनं मात्र साखरेचा कण तोंडात टाकला नाही. तिनं डब्यातलं चिमूटभर चमच्यानं खाल्लं, बोळात चालून आली, पुन्हा कामाला लागली, आणि शुगर बघायची वेळ झाली तशी उठली. साबण लावून हात खळखळून धुतले, एप्रनला पुसले, बोटाला टोचून थेंब पट्टीवर घेतला. आकडा कालच्याहून वरचा.

सासूबाईंनी यंत्र हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला. नजर त्यांची स्वतःची होती, तिला खोटं म्हणायचं कसं? इकडे सुनेच्या बोटाचं रक्त थांबेना. लहान पोराचं करावं तसं सासूबाईंनी ते बोट धरलं आणि सरळ तोंडात घातलं.

तपकिरीनं काळवंडलेले ते दात आणि ती ओली गरम जीभ. गुलाबवालीनं हात ओढला. सासूबाईंनी सोडला नाही. त्यांनी न टोचलेलं दुसरं बोट चाटलं, मग तिसरं. मग तिच्या एप्रनचा कोपरा धरला, हुंगला आणि त्यालाही जीभ लावली.

"बोटं गोड आहेत तुझी," त्या म्हणाल्या. "जा, परत धू. आणि कशाला पुसू नकोस."

तिनं हात धुतले, हवेत झटकून वाळवले, नव्यानं टोचलं. या खेपेला आकडा इतका खाली आला, की भीती वाटावी. धुतलेला हात एप्रनला पुसायचा ही त्या खोलीतल्या सगळ्यांची सवय, आणि पांढऱ्या एप्रनवर पांढरी साखर दिसते कुणाला? तीच बोटाला लागून रक्ताच्या थेंबात उतरत होती. दुसरी कुणी असती तर टोचलेलं बोट सहज चोखून मोकळी झाली असती आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं असतं. हिला साखरेची इतकी शिसारी, की हिनं ते कधी तोंडाजवळ नेलंच नाही.

"म्हणजे मी उगाच उपाशी राहिले," ती म्हणाली. "आणि माझ्याबरोबर तेही राहिलं."

सासूबाईंनी तिचा रिकामा डबा उचलून आत बघितलं. सकाळी सून डबा भरताना तेवढंसंच जेवण त्यांनी पाहिलं होतं.

"मला वाटलं, केकला जागा ठेवतेयस," त्या म्हणाल्या. "फाटकावर डब्यात जास्त काय आहे तेवढंच बघायचे मी. कमी काय आहे ते बघायची सवयच नाही लागली."

गुलाबवालीला त्यांची दया आली नाही. ती म्हातारी, ती खोली, ते लोणी, सगळ्याचा तिला उबग आला होता. सासूबाईंनी दिवसभरासाठी आणलेला आपला डबा तिच्यापुढे उघडून ठेवला. त्यात पालेभाजी होती, उसळ होती, उकडलेलं अंडं होतं. ती त्या घाणेरड्या वासात उभ्या उभ्या सगळं जेवली. अंडं गिळताना नाकही दाबलं नाही.

मग नळावर हात धुतले. सासूबाईंनी पुसायला घाईघाईनं स्वतःचा रुमाल पुढे केला. त्यावर तपकिरीचे डाग होते. तिनं रुमालाकडे एकदा बघितलं, आणि हात हवेतच वाळू दिले.