रघूची जीप आणि माझा भोंगा

मी जव्हारच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो, आणि माझ्या सख्ख्या मेहुण्याची जीप मी समुद्रात घातली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं सुरुवातीला मी सगळ्यांना समजावून सांगत असे. आता सांगत नाही. पहिलं वाक्य संपायच्या आत लोक हसायला लागतात आणि दुसऱ्या वाक्याला गिऱ्हाईकच उरत नाही.

मेहुणा म्हणजे रघू, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सासरवाडी जामसरची. घरची भातशेती पावसावरची, म्हणजे चार महिने काम आणि आठ महिने आभाळाकडे बघणं. म्हणून रघूने जीप घेतली आणि जव्हार ते मोखाडा प्रवासी वाहतूक सुरू केली. जीप जुनीच, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडत नाही, हॉर्न स्वतःच्या मर्जीने वाजतो. पण रघूचं सगळं घर त्या जीपवर चालतं आणि त्याचा जीवही तिच्यातच असतो. सुलभा (माझी बायको) म्हणते, याने लग्नात बायकोकडे जितकं बघितलं नाही तितकं हिच्या रेडिएटरकडे बघतो.

तर रघूच्या डोक्यात एक कल्पना आली. जव्हारला बाहेरचे पाहुणे येतात, धबधबा बघतात, थंड हवा खातात, वारली चित्रं काढलेला एखादा कप विकत घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आता काय?’ म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. अशांना जीपमध्ये घालून खाली समुद्रावर न्यायचं. केळवे, माहीम, शिरगाव असं किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, जुने किल्ले दाखवायचे, माहिती सांगायची आणि संध्याकाळी परत. एका लॉजवाल्याने त्याला शब्दही दिला होता, की एकदा घरच्या माणसांना नेऊन आण, सगळं बिनबोभाट पार पडलं तर माझे पाहुणे तुझ्याकडे पाठवतो. रघूच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती. खड्ड्यांतून माणसं कोंबून न्यायच्या धंद्यातून त्याला बाहेर पडायचं होतं.

माझ्याकडे येऊन तो म्हणाला, “दाजी, तुमी नुसतं चला.” यातलं ‘चला’ मी ऐकलं. ‘नुसतं’ माझ्या कानापर्यंत पोचलं नाही. मी त्याच क्षणी स्वतःची गाईड म्हणून नेमणूक केली, आठ दिवस खपून चौदा पानी टिपण काढलं, आणि खेळाच्या सरांकडून क्रीडामहोत्सवाचा हातातला भोंगा मागून आणला. जीपमध्ये आपण चौघं, मग भोंगा कोणासाठी, असं सुलभाने विचारलं. सराव, मी म्हणालो. तिने भोंग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीत डोकेदुखीच्या गोळ्या टाकल्या.

दिवस ठरला अमावास्येचा. तोही रघूनेच ठरवला. आमच्याकडे अवसेला बैल जुंपत नाहीत, आणि रघूच्या हिशेबी जीप म्हणजे बैलच. त्या दिवशी तो प्रवासी घेत नाही. जीप धुतो, पुढे नवं लिंबू-मिरची बांधतो आणि तिला दारात उभी करतो. घरच्या माणसांना फिरवून आणणं म्हणजे काही जुंपणं नव्हे, अशी पळवाट त्याने स्वतःच शोधून काढली. चौथ्या आमच्या सासूबाई. भाताची झोडणी उरकली होती आणि त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नागलीच्या भाकरींची चळत आणि खुरासणीची चटणी फडक्यात बांधून त्या पहाटेच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

घाट उतरेपर्यंत मी टिपणाची चार पानं भोंग्यातून वाचली. विक्रमगडला चहा प्यायला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने विचारलं, कोण निवडून आलं? तरी मी खचलो नाही.

शिरगावच्या किनाऱ्याला पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. पाणी लांब, पार तिकडे. आणि मधे ओली, घट्ट, सपाट वाळू, आमच्या जव्हारात औषधालाही मिळणार नाही इतकी सपाट जागा. लाल मातीने जीप माखलेली. आमच्याकडचे ड्रायव्हर गाडी धुवायची म्हटलं की सरळ नदीच्या पात्रात उतरवतात, पाण्याच्या काठाला उभी करतात आणि बादलीने धुतात. रघूने तेच केलं. जीप वाळूवरून थेट पाण्याजवळ नेली, पण सवयीप्रमाणे इंजिन बंद करण्याआधी त्याने मला विचारलं.

“दाजी, पानी वाढायचं न्हाई ना? वर कुठं पाऊस झाला असंल तर?”

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या नद्यांना असंच होतं. इथे ऊन असतं, वर त्र्यंबकच्या अंगाला पाऊस पडतो आणि खाली पात्रात धुणं धुणारी बाई वाहून जाते. मी आभाळाकडे पाहिलं. एक ढग नाही. तरी खात्री असावी म्हणून सुलभाला मोबाइलवर त्र्यंबकचं हवामान बघायला लावलं. तिथेही निरभ्र. मी रघूला सांगितलं, बिनधास्त ठेव. समुद्राच्या ‘वर’ कोणतं गाव असतं, हा प्रश्न आम्हा चौघांपैकी एकालाही पडला नाही. आणि चौघांतल्या एकाला तो पडावा म्हणून सरकार दर महिन्याला पगार देतं.

जीप धुऊन होत होती तेवढ्यात मासळीची टोपली घेतलेली एक कोळीण वाळूवरून आली. जनाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. आमच्याकडे बघून ती थांबली आणि म्हणाली, “गाडी वर घ्या भाऊ. आज अवस हाय.”

बस, एवढंच. रघूने चटकन बादली खाली ठेवली. अवस म्हटलं की तो तसाही अर्धा होतो. तो किल्लीला हात घालणार तोच माझ्यातला मास्तर जागा झाला. सोळा वर्षं मी विज्ञाननिष्ठेवर भाषणं दिली आहेत, आणि इथे एक बाई भर सकाळी माझ्या मेहुण्याला अंधश्रद्धेत ढकलत होती! मी भोंगा तोंडाला लावला. तिच्यात आणि माझ्यात चार हातांचं अंतर होतं.

“ताई,” मी म्हणालो, “अमावास्या म्हणजे काय? चंद्र आणि सूर्य पृथ्वीच्या एकाच बाजूला येतात, एवढंच. यात भिण्यासारखं काही नाही.”

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग सुलभाकडे बघून, हे नेहमी असेच असतात का, अशा अर्थाची मान हलवली आणि निघून गेली. रघू अजून घुटमळत होता. मी त्याला म्हणालो, की पाहुणे घेऊन येशील तेव्हाही असाच लिंबू-मिरचीच्या जिवावर धंदा करणार का? तो वरमला. त्याने किल्ली खिशात टाकली. तो जीप हलवत होता आणि मी त्याला हलवू दिली नाही.

किल्ल्याकडे निघताना सासूबाई मागे राहिल्या. पावसाळ्यात ओढा चढतोय की उतरतोय ते बघायला काठाशी फाटी, म्हणजे वाळकी काटकी, खोचायची त्यांची सवय. त्यांनी वाळूत पाण्याच्या कडेला एक फाटी खोचली आणि मगच आल्या. मी हसलो. मोठ्याने नाही, पण सुलभाला दिसेल इतकं हसलो.

किल्ल्यात मी रंगात आलो. बुरूज, तटबंदी, दिंडी, जंग्या. कोणी बांधलं, कोणी जिंकलं, कोणी परत जिंकलं. पान नऊवर असताना तटावर उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, की मास्तर, फाटी दिसंना झाली. मी म्हणालो, आई, लाटा असतात, त्या येतात आणि जातात. पान अकरावर असताना त्या परत म्हणाल्या, की येताना दिसतंय, जाताना काय दिसत न्हाई. मी प्रश्न शेवटी घेऊ असं भोंग्यातून सांगितलं. पान बाराला त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि या वेळी त्या माझ्याशी नव्हे, मुलाशी बोलल्या.

“रघू, तुझी जीप पव्हाया लागली रं.”

आम्ही धावलो. मी टिपण टाकलं, भोंगा मात्र का कोण जाणे हातातच राहिला. पोचलो तेव्हा चाकं पूर्ण बुडाली होती आणि पाणी दाराशी खेळत होतं. रघू खिडकीतून आत शिरला (त्याच्या बाजूचं दार उघडत नाही, हे मी सांगितलंच आहे), जीप सुरूही झाली. पण चाकं जागच्या जागी फिरून वाळूत आणखी रुतली. सुलभा आणि मी मागून ढकलू लागलो. म्हणजे सुलभा ढकलत होती. मी एका हाताने ढकलत होतो आणि दुसऱ्या हाताने भोंग्यातून ‘एक, दोन, तीन’ म्हणत होतो. तिसऱ्या ‘तीन’ला पाणी इंजिनात गेलं आणि जीप बंद पडली.

रघू आत स्टिअरिंग धरून बसला होता. एका हाताच्या बाहीने डोळे पुसत दुसऱ्या हाताने किल्ली परत परत फिरवत राहिला. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या क्षणी खरोखर समुद्रात बुडून जावंसं वाटलं. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून जमलं नाही.

“अहो, तो भोंगा द्या इकडं,” सुलभा म्हणाली. हिसकावूनच घेतला. किनाऱ्याकडे तोंड करून तिने फक्त दोन वाक्यं म्हटली: आमची गाडी बुडतेय, कोणीतरी या. त्या दिवशी भोंग्यातून उपयोगाचं असं एवढंच बाहेर पडलं.

माणसं आली. होड्या ओढायचा ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरवर नवऱ्याच्या शेजारी उभी जनाबाई. तिने पदर खोचला, पाण्यात उतरून स्वतः दोर बांधला, दहा-बारा जणांनी खांदा दिला आणि जीप हिसके खात बाहेर आली. सीटवरून पाणी गळत होतं. पुढचं लिंबू-मिरची तेवढं जागच्या जागी होतं.

जनाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता ही धुऊन काढणार. पण तिने बोटांच्या पेरांवर मोजून शांतपणे सांगितलं, की अवसेला आणि पुनवेला बारा वाजता दर्या भरतो, आणि या दोन दिवशी भरतो तो उधाणाचा. तिथी पुढे सरकली की वेळही पुढे सरकते. लहानपणी आईने शिकवलंय, म्हणाली.

मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. सकाळी भोंग्यातून तिला जे ऐकवलं, ते आमच्या पुस्तकातल्या भरती-ओहोटीच्या धड्यातलं वाक्य होतं: चंद्र आणि सूर्य एकाच बाजूला येतात. त्याचं पुढचं वाक्य आहे, ‘म्हणून या दिवशी सर्वांत मोठी भरती येते.’ सोळा वर्षं मी ते फळ्यावर लिहितोय, आकृतीसकट. दरवर्षी मुलांना सांगतो, की हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. माझ्या परीक्षेत तो असा दारापर्यंत येईल हे मात्र ध्यानात आलं नव्हतं.

मी जनाबाईची माफी मागितली. मग रघूची मागितली, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, “जाऊ द्या दाजी. दर्याला तरी कुठं म्हाईत, तुमी मास्तर हाय ते.” आणि मग त्याला हसू फुटलं, रडता रडताच फुटलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुपारभर गावातल्या मेकॅनिकने गोड्या पाण्याने इंजिन धुतलं. आम्ही जनाबाईच्या अंगणात भाकरी सोडल्या, तिने सुकटीचं कालवण वाढलं. सासूबाई आणि ती अशा गप्पा मारत बसल्या, जशा काही एकाच गावच्या लेकी. पाणी ओसरल्यावर दोघी हातात हात घालून समुद्रात घोट्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाई लहान पोरीसारख्या हसत होत्या. सहल फसली असं निदान त्यांच्याकडे बघून कोणी म्हटलं नसतं.

जीप दुसऱ्या गाडीला बांधून जव्हारला आली आणि पुढे तीन आठवडे गॅरेजात होती. तेवढे दिवस रघू दुसऱ्याची गाडी चालवत होता आणि मी त्याच्या घरावरून जाताना मान खाली घालत होतो. लॉजवाल्याच्या कानावर सगळा प्रकार गेलाच. रघूला वाटलं, संपलं. पण लॉजवाला म्हणे पोट धरधरून हसला, आणि ही गोष्ट रंगवून सांगणार असशील तर पाहुणे पाठवतो, म्हणाला.

आता रघूची सहल जोरात चालते. निघायची वेळ तो जनाबाईला फोन करून ठरवतो. गाईड आहेत आमच्या सासूबाई. किल्ल्यात त्या फार रेंगाळत नाहीत. ‘जुनं हाय, बघून घ्या,’ इतकीच माहिती देतात. मग सगळ्यांना वाळूवर नेऊन बोटाने जागा दाखवतात: “इथं आमच्या जावयानं जीप बुडवली.” पाहुणे फोटो काढतात. जावई काय करतात, असं कोणीतरी विचारतंच. भूगोलाचे मास्तर आहेत म्हटल्यावर मात्र कोणाचा विश्वास बसत नाही. आजी, गोष्ट छान रचलीत, म्हणतात. आणि आपल्याला कोणी खोटं पाडलेलं सासूबाईंना मुळीच खपत नाही.

म्हणून गर्दीचा रविवार असला की आदल्या दिवशी रघूचा फोन येतो. मी जातो. शाळेचं ओळखपत्र गळ्यात अडकवून त्या जागेवर उभा राहतो. बोलायची मला परवानगी नाही.