साळूबाईची सही

तीस वर्षं एसटी चालवली, पण ब्रेक तपासल्याशिवाय कारभारीनं कधी डेपोचं फाटक ओलांडलं नाही. चाकाला लाथ मारून बघायचा, हॉर्न दाबून बघायचा. असला चिकित्सक गडी श्रीरामपुरात दोन गुंठे जागा घेताना मात्र डोळे मिटून बसला. कारण काय, तर विकणारा राधाकृष्ण हा त्याच्या लेकीचा चुलत सासरा! वकील म्हणाला होता, "तीस वर्षांचे जुने कागद काढून बघू, सर्च रिपोर्ट करू." कारभारीनं त्याला मध्येच तोडलं. सोयऱ्याचे कागद उकरले तर सासरी टोमणे कोण खाणार? लेकच ना! सातबाऱ्यावर एकट्या राधाकृष्णाचं नाव होतं. तेवढं पाहून या शहाण्यानं खरेदीखत केलं आणि वर पेढेही वाटले.

निवृत्तीचा सगळा फंड जागेत आणि बांधकामात गेला. भिंती झाल्या, वर पत्रे टाकायचे तेवढे राहिले आणि कोर्टाचा कागद आला. राधाकृष्णाला एक बहीण होती, साळूबाई, तिसगावात दिलेली. बाप वारल्यावर भावानं वारसांत तिचं नावच घातलं नव्हतं. आता ती जमिनीत अर्धा वाटा मागत होती आणि तोवर बांधकामाला स्टे होता. राधाकृष्ण फोन उचलेना.

कारभारी वकिलाकडे धावला. "सायेब, गाडीचा इन्शुरन्स असतो, तसा जागेचा न्हाई का?"

"मालकी हक्काचा विमा असतो की. पण तो बहुतेक मोठ्या प्रकल्पांना मिळतो. आणि विमा कंपनीसुद्धा आधी कागद तपासते. तुम्ही तर मलाही तपासू दिले नाहीत."

"आता न्हाई का निघायचा?"

"आता दावा उभा आहे, कारभारी. आता कोण देईल?"

भाड्याची खोली महिनाअखेरीस सोडायची होती. बायकोनं, छबूबाईनं भांड्यांची पोती बांधून ठेवली होती आणि ती एक शब्द बोलत नव्हती. तिनं एकदा तोंड भरून शिव्या घालाव्यात असं त्याला वाटे.

शेवटी तो तिसगावला गेला. साळूबाई ओट्यावर तूर पाखडत होती. त्यानं नाव-गाव सांगून हात जोडले. "बाई, तुमच्या भावानं फशिवलं, पर बुडालो मी. हक्कसोडीवर तेवढी सही करा. साडीचोळी करतो. तुमी मला बहिनीसारख्या."

सूप थांबलं. "तुमाला बहीन हाय?"

"हाय. काष्टीला दिलीया. गोजर."

"तिनं दिली का सही?"

भाऊबीज झाल्यावर गोजरला नवी साडी नेसवून त्यानंच बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायला रजिस्ट्रार कचेरीत नेलं होतं. अंगठा कुठं लावू दादा, एवढंच तिनं विचारलं होतं. "दिली," तो म्हणाला.

"कागद वाचून दावला हुता का तिला?"

कारभारीनं जोडलेले हात खाली घेतले.

"बसा, च्या टाकते," साळूबाई उठत म्हणाली. "बहिनीसारखी म्हनलात म्हनूनच सांगते, सही व्हनार न्हाई."

ती आत गेली तोच मोबाईल वाजला. छबूबाई होती. कितीतरी दिवसांनी आपण होऊन बोलत होती.

"झाली का वो सही? पोती टेम्पोत चढवू का?"