शेंड्याचा कोंब

बियांपासून वाढवलेल्या माझ्या जपानी काळ्या पाइनला यंदा मेणबत्त्यांसारखे उभे कोंब फुटले. बोन्सायसाठी ते खुडावेच लागतात, नाहीतर झाड बुटकं राहत नाही. मी कात्री घेऊन बसलो, तोच गावाहून आलेले आबा बाल्कनीत डोकावले.

"अरे, वर यायला लागलंय की! आत्ताच कापतोस?"

"लहानच ठेवायचंय, आबा."

"मग पेरलंस कशाला, लेका?" हसत ते चहाला गेले.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते मी ताठ मानेनं सांगतो. सातवीनंतर मला कामाला लावा, असं सगळी भावकी म्हणत होती. आबांनी कुणाचं ऐकलं नाही.

शेंड्याच्या कोंबाला कात्री लावली आणि चोरासारखं मागे वळून पाहिलं. आबा बघत नव्हते. तरी हात चालेना.