धुक्यात ओ देताना

आमचं पक्षी बघणं गोदावरीच्या काठावरचं. गंगाखेडला नदीचं पात्र रुंद, वर मोकळं आभाळ. करकोचा कुठंही उतरला तरी लांबून दिसतो. त्यामुळे ह्यांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा पक्षी बघण्यात काही अडलं नाही. कानात मशीन आलं. ‘कुणाला सांगायचं न्हाई,’ असं ह्यांनी मला बजावलं आणि टोपी कानांवर ओढून घ्यायची सवय लावून घेतली.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही एका गटाबरोबर अरुणाचलला गेलो. आधी डोंगरावरचं जंगल, मग उतरत उतरत खालचं. गटात सात-आठ माणसं, बहुतेक पुण्याकडची, आणि तिथलाच एक गाइड. पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं. इथं पक्षी आधी ऐकायचा होता, मग दिसलाच तर बघायचा. झाडांवर शेवाळ, शेवाळावर वेली, आणि सगळ्यातून पाणी ठिबकणारं. गाइड थांबून बोट वर करायचा, की सगळ्यांच्या माना एका बाजूला वळायच्या. ह्यांची मान उशिरा वळायची, आमचे चेहरे बघून. तोवर फांदी रिकामी.

‘दिसला का?’ मी खुणेनं विचारायची.

‘दिसला की,’ हे म्हणायचे.

त्यात दमटपणानं मशीन बंद पडलं. ह्यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि काही झालंच नाही असं दाखवत चालू लागले.

त्या दिवशी दुपारी आम्ही एका अरुंद पायवाटेनं उतरत होतो. हे मोज्यातली जळू काढायला वाकले आणि मला हातानंच ‘हो पुढं’ म्हणाले. मी वळणापर्यंत गेले. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं आणि मागची वाट पुसून गेली. थोडं थांबले, परत वर गेले, तर तिथं कुणी नव्हतं.

मग वाटेखालच्या झाडीतून ह्यांचा आवाज आला. ‘अगं, ऐकायलीस का?’

‘हाय इथं, थांबा तिथंच,’ मी ओरडले. पुढं गेलेले गटातले सगळे मागं आले, त्यांनीही हाका मारल्या. गाइडनं शिट्टी वाजवली.

‘अगं, ऐकायलीस का?’ पुन्हा तेच. आवाज आणखी लांब गेलेला.

पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, ‘आपण एवढे ओरडतोय, ते उत्तर का देत नाहीत?’

‘त्यांना ऐकू येत नाही,’ मी म्हणाले. ‘मशीन बंद पडलंय.’

गाइडनं आम्हाला जागेवरून हलायचं नाही असं सांगितलं आणि आवाजाच्या रोखानं झाडीत उतरला. मी ओरडायचं थांबवू शकले नाही. उपयोग नाही हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी त्यांच्या प्रत्येक हाकेला मी ओ देत राहिले. मग त्यांच्या हाकाही थांबल्या. ते जास्त वाईट होतं.

बऱ्याच वेळानं गाइड ह्यांना हाताला धरून वर घेऊन आला. पँट गुडघ्यावर फाटलेली, टोपी कुठंतरी पडलेली. हे माझ्याकडं बघून म्हणाले, ‘लय हाका मारल्या मी. कुणीच ओ दिली न्हाई.’

मी त्यांचा हात धरला.

त्यानंतर गटातले सगळे ह्यांच्याशी फार चांगलं वागले. ह्यांच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलू लागले. रांगेत पुढं उभं करू लागले. हे नम्रपणे मान हलवायचे. खालच्या जंगलात आल्यावर मात्र हे मुक्कामाच्या व्हरांड्यातून उठेनात. ‘तू जा,’ म्हणाले, ‘मी बसतो.’

मी गेले. त्या सकाळी धनेशाची जोडी आमच्या डोक्यावरून गेली. पंखांचा आवाज असा, की आधी मला वाटलं कुणी तरी जोरजोरात धाप टाकतंय. सगळ्यांनी माना वर केल्या आणि मी खाली घातली.

परत आल्यावर ह्यांनी विचारलं, ‘काय दिसलं?’

‘फार काही न्हाई,’ मी म्हणाले.

‘तुझं तोंड दिसायलंय मला,’ हे म्हणाले. ‘सांग.’

मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि ओठ नीट हलवत सांगितलं. केवढी चोच, पिवळा गळा, काळ्या पंखांवरचा पांढरा पट्टा. हे टक लावून माझ्या तोंडाकडं बघत होते. पंखांच्या आवाजाचं मी काही बोलले नाही.

‘आणि आवाज?’ ह्यांनी विचारलं.